उन्हातली म्हैस, सोप्यातलं धोतर: चित्रात ऊन कसं उतरतं

एप्रिलातली दुपार. बेळगावजवळच्या खानापूरकडचं एखादं कौलारू घर. अंगणात उन्हात काळी म्हैस बांधलेली आहे आणि आत सोप्यात खुंटीला पांढरं धोतर लटकतंय. यातलं उजळ कोण? कुणीही म्हणेल, धोतर. मोजायला गेलं तर उत्तर उलटं येतं. कडक उन्हाचा उजेड साधारण १ लाख लक्स असतो. लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडतो ते मोजायचं माप. लहान खिडक्यांच्या सोप्यात हाच आकडा तीनशेच्या आसपास उतरतो. म्हशीच्या कातडीनं पडलेल्या उजेडातला फक्त ५ टक्के परत पाठवला तरी ते ५ हजार झाले. धोतरानं ८० टक्के परत पाठवला तरी २४०. म्हणजे उन्हातली काळी म्हैस सावलीतल्या पांढऱ्या धोतराच्या वीसपट उजळ आहे.

चित्राला बसल्यावर मात्र हात धोतरासाठी कोरा कागद सोडतो आणि म्हशीला बाटलीतला काळा फासतो. चित्रातलं ऊन तिथंच संपतं. ड्रॉइंग लोअर-हायरच्या परीक्षेला बसणारी मुलं असोत की निवृत्तीनंतर पहिल्यांदा ब्रश धरणारे, तक्रार एकच असते: "रंग मातकट होतात, चित्र सपाट दिसतं, ऊन येत नाही." मग नवा रंग विकत आणला जातो, आणखी झगझगीत. त्यानं काही होत नाही, कारण चूक रंगात नसते. कोणता निर्णय आधी घ्यायचा आणि कोणता नंतर, तो क्रम चुकलेला असतो. आधी उजेड ठरवायचा, रंग मागाहून. एवढं जमलं की हाताला धीर येतो.

डोळा हिशेब का लपवतो

डोळा आणि मेंदू मिळून आपल्याला वस्तू ओळखून देतात, उजेड मोजून देत नाहीत. धोतर पांढरंच असतं हे मेंदूला ठाऊक आहे. म्हणून ते अंधारात असो, दिव्याखाली असो, तो "पांढरं" असाच निरोप देतो. रोजच्या जगण्यात याचा फायदाच आहे, नाहीतर दिवेलागणीला स्वतःचीच गाय ओळखू आली नसती. २०१५ मध्ये एका झग्याच्या फोटोवरून जगभर वाद झाला होता. काहींना तो निळा-काळा दिसत होता, काहींना पांढरा-सोनेरी. झगा एकच होता. त्याच्यावर कोणता उजेड पडलाय याचा अंदाज प्रत्येकाच्या मेंदूनं वेगळा बांधला, म्हणून रंगही वेगळे दिसले.

चित्रकाराला हा अंदाज थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो. त्याला साधं साधन पुरतं. राखाडी पुठ्ठ्याचा पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्या आणि मधोमध १ सेंटिमीटरचं भोक पाडा. हात लांब करून, एक डोळा मिटून, त्या भोकातून धोतर बघा. मग म्हशीची पाठ बघा. आजूबाजूचं काही दिसत नसल्यामुळे मेंदूला "हे धोतर आहे" असं सांगता येत नाही, भोकात नुसता रंगाचा ठिपका उरतो. धोतर गढूळ तपकिरी-राखाडी निघतं, म्हशीची पाठ निळसर चांदीसारखी. पहिल्यांदा बघणाऱ्याला पुठ्ठ्यातच काहीतरी गोम आहे असं वाटतं. सावलीत पुठ्ठा स्वतः काळवंडतो, म्हणून तो दर वेळी सारख्याच उजेडात धरावा.

दुसरी युक्ती डोळे किलकिले करण्याची. बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि उजेडाचे मोठे तुकडे तेवढे राहतात. तपशील पाहायचा तेव्हा डोळे उघडे, टोन पाहायचा तेव्हा किलकिले.

तीनच शब्द

टोन हा शब्द आला, तर लागणारे शब्द इथंच सांगून टाकू. प्रत्येक रंगाला तीन गोष्टी असतात. एक, तो कोणता: लाल, पिवळा, निळा. दोन, तो किती गडद किंवा फिका: हाच टोन, चित्रकलेचे शिक्षकही बहुधा हाच शब्द वापरतात. तीन, तो किती झगझगीत किंवा मंद: याला तेज म्हणू. हळद आणि सुकलेलं गवत दोन्ही पिवळी, टोनही जवळपास सारखा, फरक तेजाचा. याशिवाय उष्ण आणि शीत हे दोन शब्द लागतील. लाल-केशरी-पिवळ्याकडे झुकणारा तो उष्ण, निळ्याकडे झुकणारा तो शीत. हा झुकाव नेहमी शेजारच्या रंगाच्या तुलनेत ठरतो.

शिकणाऱ्याचं सगळं लक्ष पहिल्या गोष्टीवर असतं. चित्र उभं राहतं ते दुसरीवर. पटत नसेल तर आवडत्या चित्राचा मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून बघा. घर, झाड, वाट तरीही ओळखू येतात. आता टोन सगळीकडे सारखे आणि रंग मात्र वेगवेगळे, असं चित्र करून त्याचाही तसाच फोटो काढा. राखेचा एक पट्टा तेवढा दिसेल.

कागदावर ऊन मावत नाही, मग काय करायचं

उन्हातली चुन्याची भिंत आणि सोप्यातला अंधारा कोपरा यांच्या उजेडात हजारोपट फरक असतो. कागदाचं पांढरं आणि रंगाचं सगळ्यात गडद काळं यांच्यात जेमतेम वीसपट. जे दिसतं ते जसंच्या तसं कागदावर उतरवणं कुणालाच शक्य नाही, मोठ्यातल्या मोठ्या चित्रकारालाही नाही.

इथं गाण्याचं उदाहरण चपखल बसतं. एखादा गायक काळी एकमध्ये गातो, एखादी गायिका काळी चारमध्ये. षड्ज बदलला म्हणून भूप बदलत नाही, कारण स्वरांमधली अंतरं तीच राहतात. चित्रातही षड्ज आपण ठरवायचा आणि अंतरं सांभाळायची. डोळ्यांपुढचा हजारोंचा पल्ला कागदावर पाच पायऱ्यांत बसवू. १ म्हणजे कोरा कागद, ५ म्हणजे सगळ्यात गडद.

आता सगळ्यात कामाचा नियम. स्वच्छ उन्हाच्या चित्रात कोणतीही वस्तू उन्हातून सावलीत गेली की ती दोन पायऱ्या गडद होते, आणि हे अंतर चित्रभर सारखं ठेवायचं. चुन्याची भिंत उन्हात १, सावलीत ३. तांबडी माती उन्हात २, सावलीत ४. कौलं उन्हात ३, सावलीत ५. भिंतीला दोन पायऱ्या दिल्या, मातीला अर्धीच दिली आणि कौलांना दिलीच नाही, तर बघणाऱ्याच्या डोळ्याला एक सूर्य सापडत नाही. "ऊन येत नाही" या तक्रारीचं मूळ शंभरातल्या नव्वद चित्रांत इथंच असावं, इतकी ही चूक सर्रास दिसते. ढगाळ दिवशी हे अंतर एका पायरीवर येतं आणि जमिनीवरच्या सावल्या जवळपास नाहीशा होतात. एकाच चित्रात दोन्ही हवामानं मिसळू नयेत.

म्हशीचं काय? ऊन पडलेली तिची कूस ४, पोटाखालची सावली ५ (सहावी पायरीच नाही, म्हणून इथं अंतर एकाच पायरीचं). पाठीवर आभाळ चमकतं, तिथं थेट २. आणि धोतर? सोप्याचा अंधार ५ धरला तर त्यातलं धोतर ४. म्हणजे पांढरं धोतर आणि काळ्या म्हशीची उन्हातली कूस एकाच टोनची. मोजमापानं धोतर आणखी गडद हवं, पण पाचच्या पलीकडे पायरी नाही, तेव्हा एवढी तडजोड करावी लागते.

रंग उघडण्याआधीची दहा मिनिटं

बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) सारख्या भागांनी मिसळले की जवळपास काळा, पण जिवंत राखाडी मिळतो. त्याचीच पायऱ्यांची पट्टी करा, अडीच सेंटिमीटरचे पाच चौकोन. रंग किती पातळ करायचा ते स्वयंपाकघरातून कळतं. दुसऱ्या पायरीला ताकावरची निवळ, तिसरीला ताक, चौथीला दही, पाचवीला चक्का. पहिली पायरी म्हणजे कागद. जलरंग वाळल्यावर जवळपास अर्धी ते एक पायरी फिका होतो, म्हणून पट्टी पूर्ण वाळल्यावरच तिच्यावर विश्वास ठेवा, आणि ओला रंग लावताना तो किंचित जास्तच गडद वाटला पाहिजे. पोस्टर कलरमध्ये गंमत वेगळी. त्यात गडद रंग बहुधा वाळून फिके होतात आणि पांढरा घातलेले फिके रंग वाळून गडद. अॅक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो. तैलरंग फारसा हलत नाही.

पट्टी झाली की ७ × १० सेंटिमीटरच्या चौकटीत दृश्याचा ठोकळ आराखडा, फक्त तीन टोनमध्ये: कागद, मधला, गडद. दारं-खिडक्या काढायच्या नाहीत. उजेडाचा एक सलग आकार, सावलीचा एक सलग आकार, आणि त्यातला कुणीतरी मोठा. दोन्ही निम्मे-निम्मे झाले तर चित्र रेंगाळतं. असे तीन आराखडे करून त्यातला एक निवडला की पुढच्या तासाभरातले निम्मे प्रश्न सुटलेले असतात. बहुतेक जण नेमका हाच भाग वगळतात आणि मग मोठ्या कागदावर तासभर खोडत बसतात.

बेळगावात सूर्य कुठे असतो

चित्रकलेच्या परदेशी पुस्तकांत "उत्तरेची खिडकी घ्या" असा सल्ला असतो. तिथून थेट ऊन येत नाही, म्हणून उजेड दिवसभर सारखा राहतो. तो सल्ला युरोपातल्या सूर्याचा आहे. बेळगाव १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या ४ तारखेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या ८-९ तारखेपर्यंत तो दिवसभर उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. त्या महिन्यात खिडकीला पातळ पांढरं सुती कापड लावावं, नाहीतर दक्षिणेच्या खिडकीशी बसावं. जून-जुलैत ढगच पडद्याचं काम करतात. सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मात्र उत्तरेची खिडकी खरंच चांगली.

बाहेर बसणाऱ्यांसाठी वेळेचा हिशेब. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास, घड्याळाच्या बाराला नाही. मेच्या सुरुवातीला त्या वेळी सावली पायाखाली जाते आणि घराच्या भिंतींना उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू असा भेदच उरत नाही. अशा उजेडात शिकणाऱ्यानं बसू नये. सकाळी सव्वानऊ-साडेनऊला सूर्य ४५ अंशांवर येतो, तेव्हा सावली वस्तूच्या उंचीएवढी असते. त्याच्या आधीचा वेळ आणि दुपारी साडेतीननंतरचा वेळ चित्राचा. डिसेंबरात गोष्ट वेगळी. भर दुपारीही सूर्य ५१ अंशांच्या वर जात नाही, १० फुटी खांबाची सावली ८ फूट पडते. डिसेंबर-जानेवारीत राजहंसगडावर किंवा किल्ल्याच्या तटाशी दुपारभर बसलं तरी आकार स्पष्ट दिसतात.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन तासांच्या बैठकीत तो ३० अंश सरकलेला असतो आणि सावल्याही बदललेल्या असतात. म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांत सावल्यांची कड पेन्सिलीनं आखून घ्यायची आणि नंतर ती बदलायची नाही, समोर काहीही दिसो. सावलीच्या मागे धावणाऱ्याच्या चित्रात दोन सूर्य येतात.

सावलीची कड सगळीकडे सारखी धारदार नसते. सूर्य हा ठिपका नाही, आभाळात तो अर्ध्या अंशाची चकती आहे. त्यामुळे सावली टाकणारी वस्तू जमिनीपासून १ मीटर दूर असेल तर कड सुमारे ९ मिलिमीटर विरघळते. खांबाच्या बुडाशी सावली कापल्यासारखी, टोकाकडे मऊ. उंच झाडाच्या शेंड्याची सावली तर नुसती पसरलेली. जलरंगात ही मऊ कड आणायला रंग ओला असतानाच स्वच्छ ओल्या ब्रशनं कडेवरून एकदाच फिरवायचं. दोनदा नाही.

सावलीचा रंग काय

सावली राखाडी असते ही समजूत शाळेपासून चिकटलेली आहे. सावलीत सूर्याचा थेट उजेड नसतो, पण आभाळाचा असतो, आणि आजूबाजूच्या जमिनीवरून, भिंतींवरून उडून आलेलाही असतो. ज्याचा उजेड, त्याचा रंग.

म्हणून एक सोपी खूण लक्षात ठेवावी. ज्या सावलीचं तोंड आभाळाकडे, ती निळसर. ज्या सावलीचं तोंड जमिनीकडे, ती जमिनीच्या रंगाची. खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या तांबड्या वाटेवर पडलेली झाडाची सावली वर बघते, तेव्हा तांबड्यात निळा मिसळून ती जांभळट तपकिरी होते. त्याच वाटेकडेच्या घराची वळचण खाली बघते. तिच्यावर अंगणातल्या तापलेल्या तांबड्या मातीचा उजेड उडतो, म्हणून वळचणीखालची लाकडं सावलीत असूनही केशरी उबदार दिसतात. एकाच घराच्या दोन सावल्या, एक शीत, एक उष्ण. हे दोन रंग वेगळे लावले की सावलीत हवा खेळायला लागते. निपाणी-चिकोडीकडे जमीन काळी, तिथं वळचणीतला हा केशरीपणा फार कमी असतो, खानापूरचा नुस्खा तिकडे चालत नाही. शिवाय ती काळी जमीन कोरड्या उन्हात काळी नसतेच. भोकाच्या पुठ्ठ्यातून ती तिसऱ्या पायरीची राखाडी-तपकिरी निघते.

वाटेवरच्या सावलीसाठी अल्ट्रामरीन २ भाग, बर्न्ट सायना १ भाग, दह्याइतका घट्ट. वळचणीसाठी प्रमाण उलटं, आणि यलो ऑकरचं (मातकट पिवळ्याचं) बोट. आधीचा थर पूर्ण वाळल्यावरच सावलीचा थर द्यायचा. वाळलाय का ते पाहायला हाताची मागची बाजू कागदाजवळ न्या. गार लागलं तर पाणी अजून उडतंय.

मडकं किंवा कळशी रंगवताना आणखी एक चूक होते. सावलीच्या बाजूला, कडेजवळ, खालच्या कापडावरून उडालेल्या उजेडाची फिकी पट्टी दिसते. ती नजरेत भरते आणि हात तिला फार उजळ करतो. मग मडकं पत्र्याचं वाटतं. सावलीतलं सगळ्यात उजळ ठिकाणसुद्धा त्याच मडक्याच्या उजेडातल्या सगळ्यात गडद ठिकाणापेक्षा गडदच राहिलं पाहिजे. शंका आली की डोळे किलकिले करा. पट्टी सावलीत बुडाली पाहिजे.

रंग मातकट होतो तेव्हा नेमकं काय होतं

रंगद्रव्य, म्हणजे रंगाला रंग देणारी भुकटी, ही उजेडाची चाळणी असते. पिवळी चाळणी निळा उजेड अडवते, निळी चाळणी लाल आणि पिवळा अडवते. दोन्ही एकावर एक ठेवल्या की दोघींतून सुटणारा हिरवा उरतो. तिसरी चाळणी ठेवली की तोही अडतो. चौथीला चिखल. स्वस्त पेटीतल्या एकेका रंगात कित्येकदा दोन-तीन रंगद्रव्यं आधीच मिसळलेली असतात, त्यामुळे दोन रंग मिसळल्यावर प्रत्यक्षात पाच चाळण्या लागतात. ट्यूबवर पीबी २९, पीबीआर ७ असे सांकेतिक क्रमांक असतात. एकच क्रमांक असेल तर ते शुद्ध एक रंगद्रव्य. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन. घेताना असे एकेरी रंग निवडा.

दुसरं, निळा-पिवळा-लाल हे प्रत्येकी कुठंतरी झुकलेले असतात. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे, प्रशियन ब्लू हिरव्याकडे. क्रिमसन जांभळ्याकडे, व्हर्मिलियन केशरीकडे. स्वच्छ जांभळा हवा तर क्रिमसन आणि अल्ट्रामरीन. व्हर्मिलियन आणि प्रशियन ब्लू मिसळून जांभळ्याची वाट पाहिली तर काळसर तपकिरी हाती येतो, कारण व्हर्मिलियनबरोबर पिवळा आणि प्रशियनबरोबर हिरवा गुपचूप आत आला.

तिसरं कारण पाण्यात आणि वेळेत. पाण्याची भांडी दोन हवीत, एक ब्रश धुवायला, एक रंगात घालायला. आणि कागदाची चकाकी तिरप्या नजरेनं बघत राहायचं. कागद चकाकतोय तोवर रंग सोडता येतो. चकाकी जाऊन कागद नुसता दमट झाला की हात पूर्ण मागे. त्या वेळी पाण्याचा थेंब पडला तर तो आधीच्या रंगद्रव्याला ढकलत नेतो आणि फुलकोबीच्या कडांसारखा डाग पडतो. ब्रश घासला तर खालचा थर उचकटून वरच्यात मिसळतो. बेळगावच्या पावसाळी हवेत ही दमट अवस्था फार लांबते, एप्रिलच्या वाऱ्यात क्षणात सरते. ऋतूप्रमाणे धीर आणि घाई बदलावी लागते.

मग काळा रंग वापरायचाच नाही का?

वापरा, पण वस्तू गडद करायला नको. पिवळ्यात काळा घातला की तो शेवाळी हिरवा होतो, लालात घातला की वाळल्या रक्तासारखा. पिवळा गडद करायचा तर ऑकर, मग बर्न्ट सायना. लाल गडद करायचा तर क्रिमसन, मग चिमूटभर अल्ट्रामरीन. पांढऱ्याचंही तसंच. पोस्टर कलरमध्ये लाल फिका करायला पांढरा घातला की गुलाबी, खडूसारखा थंड होतो. उन्हातली कौलं हवी असतील तर आधी केशरी घाला, पांढरा शेवटी आणि कमी.

शेजाऱ्यामुळे रंग बदलतो

शहापूर-वडगावच्या मागांवर काम करणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या, आणि कापड हलवलं की तिसराच रंग खेळतो. एकच हिरवा धागा लालाशेजारी पेटतो, निळ्याशेजारी विझतो. पॅरिसच्या गोबलाँ कारखान्यात, जिथं भिंतीवरचे विणीव पडदे होत, तिथं रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. त्यानं तपासलं. रंगाईत खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळ्याचा जोर कमी दिसत होता. १८३९ मध्ये त्यानं हे सविस्तर मांडलं आणि पुढच्या चित्रकारांनी ते उचललं.

याचा उपयोग असा. कौलं पुरेशी लाल वाटत नसतील तर आणखी लाल ओतू नका. शेजारचं झाड राखाडी-हिरवं करा, कौलं आपोआप पेटतील. ऊन वाढवायचं तर त्याच्या शेजारची सावली एक पायरी खाली न्या. एका चित्रात पूर्ण तेजाचा रंग एकाच ठिकाणी, तेही हाताच्या अंगठ्याएवढ्या जागेत. बाकी सगळे मंद. गोकाकच्या धबधब्याचं पांढरं पाणीही कागद घासून पांढरं होत नाही, बाजूचा खडक गडद झाला की होतं. पावसाळ्यात घटप्रभेचं पाणी गढूळ असतं, तेव्हा ऑकरचा पातळ हात द्यायचा आणि कोरा कागद फक्त फेसाला राखायचा.

हिरव्याचं काय करायचं

पावसाळ्यानंतर आपल्याकडे नजर जाईल तिथं हिरवं, आणि पेटीतला तयार हिरवा लावला की चित्र प्लास्टिकचं. हिरवा घरीच करा: लेमन यलो आणि अल्ट्रामरीन, आणि तो मंद करायला बर्न्ट सायना. मग पानाकडे उजेड कुठून येतो ते बघा. उजेड पानाच्या पाठीमागून येत असेल तर पान पिवळट पेटतं, तिथं लेमन यलो जवळजवळ नुसताच. उजेड वरून पडून पानावरून उडत असेल तर त्यात आभाळ मिसळतं. उसाची पाती म्हणूनच लांबून निळसर चांदीची दिसतात. भाताची खाचरं जवळ पिवळी-हिरवी, दूर निळी-हिरवी, आणि चोर्ल्याकडचा डोंगर शेवटी निळाच. मधली हवा निळा उजेड विखुरते आणि तो आपल्या आणि डोंगराच्या मधे येतो. लांब जाताना तीन गोष्टी एकदम घडवायच्या: टोन फिका, तेज कमी, कडा मऊ. फक्त निळं केलं आणि टोन गडदच ठेवला, तर डोंगर पुढे येऊन भातावर बसतो.

पावसात भिजलेली कौलं आणि चिऱ्याच्या भिंती गडद आणि जास्त रंगीत दिसतात. कोरड्या खरखरीत पृष्ठभागावरून उजेड इकडेतिकडे उडतो आणि रंगात पांढुरकेपणा मिसळतो; पाण्याचा थर ते कमी करतो. तेव्हा ओल्या कौलांना टोन एक पायरी खाली, तेज जास्त, आणि वरच्या कडेला आभाळाची फिकी रेघ.

फोटोवरून केलं तर चालेल ना?

आकार घ्यायला चालेल. उजेड घ्यायला जपून. मोबाइलचा कॅमेरा उन्हातली भिंत पांढरी करून टाकतो किंवा सावली काळी, आणि रंगांचा उष्ण-शीत झुकाव आपल्या अंदाजानं सपाट करतो. वळचणीतला केशरी उजेड फोटोत बहुधा सापडतच नाही. जागेवर जाऊन दहा मिनिटांचा तीन टोनचा आराखडा करा, कोपऱ्यात सावलीचे दोन रंग टिपा, मग घरी फोटो उघडा.

रात्री दिव्याखाली बसणाऱ्यांनी बल्बच्या खोक्यावरचा आकडा वाचावा. २७०० केल्व्हिन म्हणजे पिवळट, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. पिवळ्या दिव्याखाली लेमन यलो आणि कागद यांत फरक कळत नाही, म्हणून पिवळा जास्त पडतो आणि सकाळी चित्र कावीळ झाल्यासारखं दिसतं. ५००० च्या आसपासचा, आणि खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलेला दिवा घ्या. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं गुणांकन.

एवढ्या नियमांनी चित्र यांत्रिक होत नाही का? महाग सामान लागतं का?

सुराचं अंतर पक्कं असलेला गायकच मोकळेपणानं गातो. टोनचंही तसंच आहे. हे सगळं समोर बसून, पाहून, हातात मुरवायचं असतं. बेळगावात के. बी. कुलकर्णींसारखे शिक्षक होऊन गेले, चित्रकार रवी परांजपे त्यांच्याकडे शिकले. या गावाला ही शिस्त नवी नाही.

सामानाचं उत्तर छोटं. रंग सहा पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, बर्न्ट सायना. पैसे वाचवायचे ते रंगांच्या संख्येत वाचवा, कागदात नको. पातळ कार्ट्रिज कागद ओला झाला की लाटा येतात आणि रंग खळग्यांत साचतो. जलरंगाला ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद घ्या, मोठा ताव आणून चार तुकडे करा. ब्रश एक मोठा, १० किंवा १२ नंबरचा गोल, टोक शाबूत असलेला. लहान ब्रशनं सुरुवात केली की हात तपशिलात अडकतो.

म्हशीकडे परत

आता तेच अंगण रंगवायचं झालं तर. आराखड्यात सोप्याचं दार आणि म्हशीखालची सावली मिळून गडद आकार. अंगणाला ऑकर आणि बर्न्ट सायनाची निवळ, म्हशीच्या पाठीची पट्टी आणि भिंत सोडून. वाळू द्या. पाठीवर अल्ट्रामरीनची अगदी पातळ निवळ. ती ओली असतानाच खाली कुशीत बर्न्ट सायना-अल्ट्रामरीनचं दही सोडा, दोन्ही आपापसांत मिसळू देत. म्हशीच्या पोटावर जमिनीचा तांबडा उजेड उडालेला असतो, तिथं सायना थोडा जास्त. दाराच्या आत आधी सायना जास्त असलेलं दही सगळीकडे सपाट द्या, धोतरासकट. ते वाळल्यावर धोतराचा आकार सोडून भोवती चक्क्याइतका घट्ट अंधार भरा. धोतराला पांढरा रंग कुठेच लावायचा नाही. शेवटी वाटेवरच्या सावलीचा निळा-जांभळा हात एका दमात म्हशीच्या खुरांपासून बाहेर ओढा, खुरांशी कड धारदार, टोकाला ओल्या ब्रशनं विरघळलेली, आणि ब्रश धुऊन ठेवा.